बोअरपासून बावीस फूट

चूक माझ्या बापाची. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. फुलपाड्यातल्या एका शाळेत त्याने शोषखड्डा खणला तो बोअरला खेटून. संडासाच्या टाकीतलं पाणी जिथे जमिनीत मुरणार, तिथून बावीस फुटांवर चारशे पोरांचं प्यायचं पाणी उपसलं जाणार. स्टोरी एवढीच. बाकी सगळे किस्से.

आणि आमच्या धंद्यात किस्से साठतात ते असे, की कुणाला सांगायची सोय नाही. वसई ते विरार, शाळांचे संडास आणि प्यायच्या पाण्याचे नळ, एवढंच आमचं काम. चहावर विषय काढला की समोरचा आधी बिस्किट खाली ठेवतो. लग्नात कुणी विचारलं, "काय करतोस रे?" की आई मधेच घुसते, "कन्स्ट्रक्शन लाइनमध्ये आहे!" मग किस्से जाणार कुठे? राहतात पोटात, तुंबून.

मी सिव्हिलचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. बाप म्हणाला, "साइटवर ये, सहा महिन्यांत त्यांच्यापेक्षा जास्त शिकशील." शिकलो. काय शिकलो ते खाली आहे.

०

जागा ठरवायची मीटिंग मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. सोबत संस्थेचे अध्यक्ष, माझा बाप, आणि नकाशाची गुंडाळी उघडून दोन्ही कोपरे दाबून धरलेला मी. नकाशात शोषखड्डा गेटजवळ होता. मैदानाच्या ह्या टोकाला खड्डा, त्या टोकाला बोअर. बरोबर होतं.

बाई म्हणाल्या, "गेटपाशी? अहो, पाहुणे येतात तिथून!"

खड्डा कंपाउंडच्या कोपऱ्याकडे सरकला.

अध्यक्ष म्हणाले, "ती ईशान्य आहे. ईशान्येला घाण? नाही चालणार."

खड्डा मैदानाच्या मध्यावर आला.

बाई म्हणाल्या, "तिथे गॅदरिंगचं स्टेज लागतं."

तीन वडीलधाऱ्यांची तीन बोटं नकाशावर फिरत राहिली. शेवटी बापाचं बोट थांबलं. "इथे घेऊ ना! बोअरच्या बाजूला. ही सगळी जागा मोकळीच आहे!"

मी म्हटलं, "पप्पा, ती मोकळी ठेवायची आहे म्हणून मोकळी आहे. अंतर लागतं, निदान तेहतीस फूट."

बाप माझ्याकडे न बघता अध्यक्षांकडे बघून हसला. "अर्ध्या डिप्लोमात एवढं. पूर्ण केला असता तर आपल्याला बोलूच दिलं नसतं!"

तिघेही हसले. बाईंनी पेन्सिल दिली. बापाने बोअरच्या शेजारी एक गोल काढला.

मला वाटलं होतं राग येईल. आला नाही. भीती वाटली. कारण माझ्या ताईची पोरगी, स्वरा, ह्याच शाळेत तिसरीत आहे.

०

आता तुम्ही म्हणाल, मग काम थांबवायचं! बरोबर. पण तुम्ही जुने संडास बघितले नाहीत.

मुलींचे तीन. त्यातल्या एकालाच दार, त्या दाराला कडी नाही. मुली तिघी-तिघी जायच्या. एक आत, एक दार ओढून धरणार, तिसरी बाहेर पहाऱ्याला. पहारेकरीण मोठ्याने पाढे म्हणत राहायची. पाढा थांबला म्हणजे कुणीतरी येतंय, आवर! त्या शाळेत सतराचा पाढा जेवढा तिथे पाठ झाला तेवढा वर्गात कधी झाला नसेल.

स्वराची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायची. ताई ओरडायची, "दिवसभरात घोटभरपण नाही?" स्वरा म्हणायची, "प्यायलं की जावं लागतं."

त्यावर माझी आई काय म्हणाली? "आमच्या वेळी तर तेवढंही नव्हतं!" अरे, नव्हतं ह्यात शान कसली? तुमच्या वेळी नव्हतं, तर मोठे झाल्यावर तुम्हीच करायचं होतं ना! चाळीस वर्षं होती हातात!

एकदा तपासणीला साहेब आले. तिसरीच्या वर्गात विचारलं, "काय मुलांनो, मुलींचं स्वच्छतागृह स्वच्छ असतं ना?"

एक पोरगी उभी राहिली. "हो सर! कोणी जातच नाही!"

साहेबांनी 'समाधानकारक' लिहिलं आणि चहा घ्यायला गेले.

०

खड्डा खणून झाल्यावर मी टेप लावली. बोअरच्या पाइपपासून खड्ड्याच्या काठापर्यंत बावीस फूट. बापाला बोलावून दाखवलं.

त्याने टेप माझ्या हातातून घेतली आणि एक टोक भास्करकाकांना धरायला दिलं. भास्करकाका शाळेचे शिपाई. पूर्वेकडच्या गावातले, घरची भातशेती. बापाने टेप सरळ नेलीच नाही! बोअर आणि खड्डा ह्यांच्यामध्ये पंपाची खोली आहे. तिच्या एका कोपऱ्याला वळसा, मग दुसऱ्या कोपऱ्याला वळसा, मग ओट्यावर चढून उतरून टेप खड्ड्यापाशी आली.

"अडतीस," बाप म्हणाला. "बघ. मोजायला शिक जरा."

"पप्पा, पाणी काय खोलीला वळसा घालून चालत येणार आहे?"

"मग काय भिंतीतून येणार आहे?"

"जमिनीखालून येणार आहे. खाली भिंत कुठे आहे?"

भास्करकाका टेपचं टोक धरूनच बोलले, "पानी कोनाला विचारून येत नाय, शेट."

"तुम्ही टेप धरा!" बाप खेकसला.

डायरीत अडतीस लिहिलं गेलं. आणि डायरीत आलं की आमच्याकडे ते खरं असतं.

०

संडास झाले. झकास झाले, खोटं कशाला बोलू! पांढऱ्या टाइल्स, आतून कड्या, हात धुवायला बुटकी बेसिनं. बापाला काम येत नाही असं मी कधीच म्हटलं नाही. त्याला ऐकता येत नाही.

पहिलीतली पोरं आत जायला तयार नव्हती. एकाने फ्लश ओढला आणि घर्रर्र आवाज आला तसा चड्डी हातात घेऊन मैदानापर्यंत पळाला. सगळ्या वर्गात झालं, "आत राक्षस आहे, तो गिळतो!"

मोठ्या बाईंनी प्रात्यक्षिक ठेवलं. पोरांना दारात उभं केलं, पॅनमध्ये खडूचा तुकडा टाकला. "हे बघा, घाबरायचं नाही. असा ओढायचा!" ओढला. खडू गेला. पोरं ओरडली. आणि फ्लशचा दांडा बाईंच्या हातात आला!

बाप मागून म्हणाला, "तो सॅम्पल पीस होता."

सगळ्यात पुढे उभं असलेलं एक पोरगं रडायला लागलं. "बाई, खडू कुठे गेला?"

बाई म्हणाल्या, "लांब गेला रे, बाळा. खूप लांब."

सगळे हसले. मी एकटा हसलो नाही. खडू कुठे गेला ते मला माहीत होतं. आधी टाकीत. मग खड्ड्यात. खड्ड्यापासून पुढे बावीस फूट.

०

नळाचं पाणी शाळेत दिवसाआड येतं, तेही करंगळीएवढी धार. म्हणून प्यायच्या पाण्याचा नवा स्टँड, सहा नळांचा, बोअरवर जोडायचं ठरलं. मध्ये फिल्टर. फिल्टर गाळ अडवतो, जंतू नाही, हे मी तीनदा सांगितलं. बाप म्हणाला, "लॅबचा रिपोर्ट आणतो. मग तर गप्प बसशील?"

लॅबवाल्यांनी एक सीलबंद बाटली दिली होती. तिच्यात पाणी भरायचं आणि त्याच दिवशी परत द्यायची. बापाने बाटली उघडली, आत बघितलं, तोंड वाकडं केलं. "कुठे कुठे ठेवलेली असते, काय भरवसा!" असं म्हणून ती ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने तीन वेळा खळखळून धुतली. मग बोअरचं पाणी भरलं.

रिपोर्ट आला. एक जंतू नाही! अख्ख्या पालघर जिल्ह्यात एवढं स्वच्छ पाणी नसेल!

मी म्हटलं, "पप्पा, तुम्ही बाटलीतच मारले त्यांना."

"मेले ना? मग झालं!"

रिपोर्ट लॅमिनेट होऊन मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये भिंतीवर लागला. बापाने मुद्दाम केलं असं मला आजही वाटत नाही. तो खरंच स्वच्छतेचा माणूस आहे. हेच तर भीतीचं आहे. लबाड माणसाला निदान माहीत असतं काय लपवायचंय.

०

मग मी वसईतल्या सांडोरला गेलो, पास्कू अंकलकडे. सत्तरीतले प्लंबर, आता केळीची बाग बघतात. घरात त्यांची बोली वेगळी, आपल्याला अर्धी कळते. माझ्याशी साधं मराठी बोलतात.

सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रंग टाक."

"कसला रंग?"

"रंगपंचमीचा. गुलाबी. संडासात टाकायचा, पाणी सोडायचं, आणि बोअरकडे बघत बसायचं. गुलाबी आलं म्हणजे तुझा बाप चुकला."

"किती दिवसांत येतं?"

"तीन दिवस. आठ दिवस. कधी येतच नाही. पण एक लक्षात ठेव, आला तर कळलं. नाही आला तर कळलं असं समजू नको."

मी विचारलं, तुम्ही कधी केलंय?

"माझ्या भावाच्या घरी केलं ना! त्याची विहीर, त्याचाच संडास. पाचव्या दिवशी वहिनीचा भात गुलाबी झाला."

"मग?"

"मग काय! वहिनी तेव्हापासून माझ्या घरी पाणी पीत नाही. म्हणते, तू विहीर बाटवलीस. इतकी वर्षं काय पीत होती ते नाही, रंगाचा राग!"

०

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी मुलींच्या तिन्ही संडासांत दोन-दोन पाकिटं गुलाबी रंग ओतला. फ्लश ओढत राहिलो. बाहेर आलो तेव्हा मनगटापर्यंत गुलाबी होतो. भास्करकाका दारात उभे. मला साबण आणून दिला.

माझी चूक अशी, की एका पॅनच्या कडेला रंग राहिला. शनिवारी सकाळी चौथीतली एक मुलगी आत गेली आणि किंचाळत बाहेर आली. "रक्त! रक्त!" दहा मिनिटांत सगळ्या शाळेत झालं की राक्षसाने कुणाला तरी खाल्लं. मुली पुन्हा जाईनात. मला केबिनमध्ये बोलावलं.

मी सगळं सांगितलं. खड्डा, टेप, बाटली, रंग. भिंतीवरच्या रिपोर्टकडे बोट करून सांगितलं.

मोठ्या बाईंनी पेपरवेट फिरवला. मला वाटलं, आता फोन उचलतील, अध्यक्षांना सांगतील, गुरुवारचा नव्या नळांच्या उद्घाटनाचा कार्यक्रम पुढे ढकलतील. त्यांनी विचारलं,

"हे तू लेखी देणार आहेस का?"

"देतो ना, बाई."

"नको. देऊ नकोस."

एवढंच! पंधरा ऑगस्टला ह्याच बाई माइकवरून सांगतात, मुलांनो, सत्याने वागा!

०

त्यानंतरचे दिवस मी कामाला जात होतो असं म्हणायचं, बाकी काही नाही. सकाळी मोटर सुरू झाली की बोअरच्या पाइपावरचा छोटा कॉक उघडायचा, पांढऱ्या प्लास्टिकच्या मगात पाणी घ्यायचं आणि बघायचं. रविवारी स्वच्छ. सोमवारी स्वच्छ. स्वच्छ बघून जीव भांड्यात पडायला हवा. माझा अजून वर जायचा.

पाणी प्यायला अजून सुरू झालं नव्हतं, असं मोठ्यांचं म्हणणं. पोरांना ते कोण सांगणार? मधल्या सुट्टीत पकडापकडी खेळून आली की बेसिनच्या नळाला थेट तोंड लावायची, आणि बेसिनलाही बोअरचंच पाणी. मी हाकलायचो. पुन्हा यायची. "दादा, थोडंच!" पॅसेजमधल्या फळ्यावर रोज गैरहजर मुलांचा आकडा लिहितात. तो बघितल्याशिवाय मला पुढे जाता येईना. सोमवारी अकरा. मंगळवारी चौदा. चौदा का? पोट दुखलं असेल? गावाला गेले असतील? मी वर्गशिक्षिकेला विचारलं तर म्हणाली, "तुला काय करायचंय? नळ जोड तू."

मंगळवारी बापाला मग दाखवला. म्हटलं, मी रंग टाकलाय, कार्यक्रम ह्या गुरुवारी नको, पुढच्या गुरुवारी करा.

त्याने मगात बघितलं. "पांढरंस्वच्छ आहे की!"

"पास्कू अंकल म्हणाले, आठ दिवसपण लागतात."

"पास्कूला सांग, केळी बघ." मग माझ्याकडे वळला. "निल्या, माझी नात शिकते इथे. मी तिला घाण पाजीन असं वाटतं तुला?"

ह्याला 'मुद्दाम नाही' असं उत्तर असतं, पण ते बापाला देता येत नाही.

बुधवारी स्वच्छ.

०

गुरुवार. स्टँडला झेंडूची माळ, नारळ, माइक, पहिल्या रांगेत खुर्च्या. नळासमोर तिसरीची रांग. सगळ्यात पुढे स्वरा, दोन वेण्या, हातात स्वतःचा ग्लास. अध्यक्षांनीच सुचवलं होतं, कॉन्ट्रॅक्टरच्या नातीने पहिलं पाणी प्यावं, फोटो चांगला येईल. ती उन्हात उभी राहून घामाघूम झाली होती. तिला खरंच तहान लागली होती.

मी सकाळी सातला बघितलं होतं. स्वच्छ. नारळ फुटायच्या आधी पुन्हा पंपाच्या खोलीकडे गेलो. कॉक उघडला. पांढरा मग भरला.

पहिल्यांदा वाटलं, मगाला लागलेला रंग असेल. ओतून दिलं, पुन्हा भरलं. गुलाबी. फिकट, अगदी फिकट, लहान बाळाच्या नखासारखं. पण गुलाबी.

मला ओरडायचं होतं. भरलेला मग हातात धरून मी तसाच स्टँडपर्यंत आलो आणि बापासमोर धरला.

बापाने मगात बघितलं. मग उन्हात धरला. सावलीत धरला. माझ्याकडे बघितलं नाही. पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं, रिकामा मग मला परत दिला आणि नळाकडे चालायला लागला. सरळ स्वराकडे.

माझ्या डोक्यात एकच आलं. हा दाबणार. खुर्च्या भरल्यात, फोटोवाला उभा आहे, हा दाबणार.

अध्यक्ष माइकवर म्हणत होते, "आता आपली चिमुकली..."

बापाने स्वराच्या हातातला ग्लास काढून घेतला. "थांब गं. आधी आजोबा."

टाळ्या! बाईंनी ट्रेमधला काचेचा ग्लास पुढे केला. बाप म्हणाला, "नको. भास्कर, स्टीलचा आण."

भास्करकाकांनी आणला. बापाने नळ सोडला, ग्लास काठोकाठ भरला, आणि एका दमात प्यायला. लोक हसले, कुणीतरी शिट्टी मारली. त्याने दुसरा भरला. तोही प्यायला. सावकाश. शेवटच्या थेंबापर्यंत. पाण्याचा रंग तिथे दोघांनाच माहीत होता.

मिशी पुसली. अध्यक्षांच्या हातातून माइक घेतला.

"हे पाणी कुणी तोंडाला लावायचं नाही. बेसिनचंपण नाही. खड्डा मी बोअरजवळ खणलाय. दुसरीकडे खणेपर्यंत नळ बंद."

अध्यक्ष टाळ्या वाजवतच होते. बाईंनी त्यांचा हात धरला तेव्हा थांबले.

स्वरा म्हणाली, "मग तुम्ही का प्यायलात, आबा?"

बाप पंपाच्या खोलीत गेला, मोटरचा फ्यूज काढला, खिशात टाकला आणि गेटमधून निघून गेला.

पंचविसाव्या दिवशी त्याचे डोळे पिवळे झाले. कावीळ. अडीच महिने तो घरात पडून होता, आणि त्या मुदतीत ह्या शाळेसकट तीन शाळांची कामं त्याच्या हातून गेली.